वेग शून्य

गाडी तापते, म्हणाल्या कुलासोबाय,
पण रोज नाही.
आणि तुमच्याकडे आणली की कधीच नाही.

कुर्टीच्या माझ्या शेडमध्ये तोवर
चिऱ्याचे ट्रक यायचे, खाणीवरचे टिपर यायचे.
पोर्शे पहिलीच.
राखाडी, दोन माणसांची. बोनेट उघडलं
तर इंजिनच्या जागी एक छत्री
आणि पांढऱ्या चपलांचा जोड.
इंजिन पाठीशी, रेडिएटर नाकाशी,
मधून पाण्याच्या लांबच लांब नळ्या.
म्हणजे जिथे आग, तिथे ती निवत नाही,
अख्ख्या अंगातून पुढे वाहून न्यावी लागते.

आधी मी तेच केलं जे सगळे करतात.
थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या टोपात सोडला,
शाणूने घड्याळ धरलं. उघडला, वेळेवर उघडला.
टाकीचं झाकण बदललं, नळ्यांतली हवा काढली,
पंप हाताने फिरवून पाहिला.
बंपर उतरवला तर आत
सुरूची सुकी पानं, एक मेलेला चतुर,
मूठभर वाळू.
मिळालं रे, म्हणालो, आणि बिल केलं.
आठ दिवसांनी काटा पुन्हा वर.

फर्मागुडीची चढण तिसऱ्यावर घेतली,
अनमोडच्या घाटात नेली भर मे महिन्यात.
काटा असा बसलेला
जसा कोमुनिदादीचा कारकून जेवणानंतर खुर्चीत.
शाणू म्हणाला, मेस्ता, गाडीला काही नाही,
बाईलाच काहीतरी आहे.
मी पाना उगारला. तो हसत टायरमागे गेला.

शेवटी डबी लावली,
सेकंदासेकंदाचं लिहून ठेवणारी.
महिन्याने कॉम्प्युटरवर उलगडली.
सगळे दिवस आडव्या रेषा.
फक्त रविवार.
दुपारी चार वाजून गेले की
वेग शून्य, इंजिन चालू.
एकवीस मिनिटं. छत्तीस. एकोणीस.
शेवटच्या रविवारी एक्कावन्न.
त्याआधी दर वेळी अकरा किलोमीटर,
बोरीचा पूल ओलांडून थोडं पुढे.
तेवढ्यात लोटली येते.
लोटलीत कुणाचं घर उघडं, कुणाचं बंद,
ते डबी लिहीत नाही.

मग मीही ती तशीच उभी केली,
शेडच्या दारात, चालू,
एका हाताने बोनेटचा पत्रा चाचपत.
पदेर भोंपू वाजवत गेला. शाणूने चार पोळे घेतले.
पंधराव्या मिनिटाला उजवा पंखा
फिरता फिरता विसरला.

रेझिस्टर. बोटाएवढा.
त्याच्या डाखात केसाएवढी चीर,
थंड असली की मिटलेली,
तापली की उघडी.
गाडी धावत असते तोवर वाराच पंख्याचं काम करतो,
पंखा बंद आहे हे कुणाला कळतही नाही.
उभं राहिलं की कळतं.

न्यायला आल्या तेव्हा सगळं सांगितलं, रविवार सोडून.
तरी तोंडातून गेलंच,
बाय, कुठे जास्त वेळ थांबायचं असलं
तर इंजिन बंद करत जा.
त्यांनी किल्ली उलटीसुलटी केली.
बंद केलं की उतरावं लागतं, मेस्ता.

शाणू पोळा मोडता मोडता थांबला.

उद्या न्या, म्हटलं मी.
रात्री पुन्हा बंपर उतरवला,
डावा रेझिस्टरही बदलला, चांगला असून,
बिलात धरला नाही.
सकाळी किल्ली देताना सांगितलं,
आता तास उभी करा. दोन तास करा.
काटा हलणार नाही.

त्या गेल्यावर डबीतला महिना पुसून टाकला.
शाणूने विचारलं, दुसऱ्या कुठल्या गाडीला लावू?
नको, म्हटलं.
तो चिऱ्याचा ट्रक आत घे आधी,
त्याचा ताप साधा आहे.