गळांचा तक्ता

मनामाच्या सूकमध्ये, सोनारांच्या गल्लीला पाठ करून
आमचं दुकान, सव्वा माणूस रुंद.
पाटीवर हमदुले, कागदावर कफीलाचं नाव.
भिंतीवर तक्ता. त्यावर अक्षरं नाहीत,
मासे धरायचे गळ आहेत, काळ्या रंगाचे.
वर एकच, वितीएवढा,
मग उतरत उतरत मुंगीएवढे.
कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली, कुणाचं डावीकडे.

मूळ तक्ता आजाने काढला, डब्याच्या पत्र्यावर.
दाभोळहून गलबतातून आला तेव्हा दाऊद हमदुलेकडे
एक पेटी होती, पेटीत तयार नंबरचे साठ चष्मे,
आणि मुंबईच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी:
उरलेला माल परत घेणार नाही.

गिऱ्हाईक म्हणजे मोत्यांचे पाणबुडे.
खाऱ्या पाण्यात उघडे ठेवून ठेवून
डोळे लाल, पापण्यांच्या कडा सोललेल्या.
त्यांना अक्षर येत नव्हतं,
आजाला अरबी येत नव्हती.
पण गळ कुठे वळलाय
ते बोटाने दाखवायला काय लागतं?
त्यांचा नोखदा, आमचा नाखवा,
एवढ्या एका शब्दावर धंदा सुरू झाला.

वहीतली पहिली ओळ अजून वाचता येते:
‘सालिम. लांबचं अंधूक. चार रुपये. दीड दिला.’
उरलेले अडीच आलेच नाहीत.
मोत्यांचा भाव पडला, आणि आजा सांगायचा,
सालिम बुडाला तो समुद्रात नाही,
सावकाराच्या उंबऱ्यावर.

बाबाच्या हाती वही आली
आणि थोड्याच वर्षांत रुपये जाऊन दिनार आले.
रिफायनरीचे गॉगल, वेल्डरांच्या काळ्या काचा,
शेठाण्यांच्या मांजरडोळी फ्रेमा.
काच तो हाताने घासायचा,
घासताना आमच्याशी बोलायचा नाही.
कुवेतच्या विहिरी पेटल्या त्या वर्षी
इथेही आभाळातून काजळी उतरली.
लोक नुसते चष्मे पुसून घ्यायला यायचे.
वहीत त्या पुसण्याची नोंद नाही.
ते आईकडून कळलं.

मी पुण्याला शिकून आले, यंत्र घेऊन.
हनुवटी टेकवा, लाल फुगा बघा, झालं.
तक्ता मात्र ठेवला, बाबासाठी.
पण दमट हवेने पत्रा खाल्ला होता,
म्हणून शशिधरन पेंटरकडून नवा करून घेतला
आणि जुना मागे, खोक्यांच्या आड सारला.
शशिधरनने खालच्या तीन ओळी मनाने काढल्या.
गळ तो गळ, म्हणाला,
तोंड कुठे का असेना.
मला पटलं. बाबाला सांगायचं राहून गेलं.

रमजानमधली दुपार, सूक झोपलेलं.
बाबा खुर्चीत बसला: ‘तहसीन, बघ गं, नंबर वाढलाय वाटतं.’
डावा डोळा झाकला.
‘वर. डावीकडे. खाली. खाली. उजवीकडे. वर.’
शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता.
मी तक्त्याकडे बघत होते.
तो जुना पत्रा म्हणत होता.

‘कधीपासून?’ मी विचारलं.
तो बराच वेळ रुमालाची घडी करत राहिला.
‘तू पुण्याला होतीस,’ म्हणाला, ‘तेव्हापासून.
कडेकडेने जातंय. मधलं आहे अजून थोडं.’
सगळ्या बाजारात थेंब घालून घ्या म्हणत फिरणारा माणूस.

मी मागे गेले, खोकी बाजूला केली,
पत्रा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.
आजाने रंग जाड लावला होता, बोटाला लागेल इतका.
बाबाचं बोट वरच्या गळावरून निघालं,
गंजावर थांबलं, पुढे गेलं.
या वेळी तो काही बोलला नाही.
बोट तेवढं वळत होतं: वर, डावीकडे, खाली, खाली.

दारात एक ड्रायव्हर उभा राहिला,
चष्म्याची दांडी निखळलेली.
मी उठणार, तोवर बाबाने हात पुढे केला.
चिमटीत मळसूत्र, राईएवढं.
पहिल्याच फेऱ्यात बसलं.
‘किती?’ ड्रायव्हरने विचारलं.
बाबाने मान हलवली,
आणि वही उघडली नाही.