लोखंड काढून ठेव

लोखंड काढून ठेव, म्हणते ओलेबिले.
पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, चाकू,
बुटांच्या भोकांतल्या त्या बारक्या कड्यासुद्धा.
सगळं गाडीत टाकतो,
गाडी तीनशे पावलं मागे नेऊन ठेवतो.
तरी आकडे माझ्यापाशी बिथरतात.
मग आठवतं, नडगीत सळई आहे.
फ्रान्सिसटाउनच्या रस्त्यात गाढव आडवं आलं होतं, त्या सालची.

म्हणून काठी तिच्या हाती, वही माझ्या.
ती अनवाणी. दर दहा मीटरला थांबते,
आकडा ओरडून सांगते.
अठ्ठावीस हजार नऊशे बारा.
नऊशे नऊ.
नऊशे चौदा.
वाळू, मोपानेची झुडपं, पुन्हा वाळू.

म्मा सेबाको गुरांच्या गोठणीपाशी उभी.
दोन बोअर कोरड्या गेल्यात तिच्या.
पाणी दिसतं का त्यात?
पाणी नाही दिसत, आजी. दगड दिसतो.
दगड काय गुरांना पाजू?

एकेचाळिसाव्या खुणेवर आकडा घसरला.
आठशे साठ. सातशे दोन. चारशे अडतीस.
ओलेबिलेने आवाज चढवला नाही,
मागे फिरली, तीच पावलं पुन्हा टाकली.
खाली काळा कातळ, भिंतीसारखा उभा.
अठरा कोटी वर्षांपूर्वी वर यायला निघालेली आग,
वाटेतच थिजलेली.
थिजताना तिच्यातल्या लोहकणांनी
त्या दिवसाची उत्तर टिपून ठेवली.
तेव्हा उत्तर दक्षिणेला होती.
कातळाला कुणी कळवलंच नाही.
भिंतीच्या कुशीत भाजून तडकलेला खडक,
असलंच तर पाणी तिथे.

दुसरी ओळ, तिसरी. नकाशावर फुल्या
सरळ गोठणीत शिरल्या.
आणि गोठणीच्या मधोमध, एकाच पावलावर,
आकडा दोनशेने उसळला. पुढच्या पावलाला पुन्हा शांत.
दगड असं वागत नाही, मी म्हटलं.

म्मा सेबाको कधी जवळ आली कळलं नाही.
कुऱ्हाड आहे ती, म्हणाली.
त्याच्याबरोबर दिली होती.
मग त्या यंत्राच्या काठीकडे
थोडा वेळ बघत राहिली,
जशी पहिल्यांदाच बघत होती.

भिंत पुढेही जाते, ओलेबिले म्हणाली.
आम्ही ऐंशी पावलं पुढे सरकलो.
खुंटी लाकडाची होती.
हातोडा आणायला मात्र
मला गाडीपर्यंत जावं लागलं.