आखडता हात

बार्न्सलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर एक वर्तुळ काढलं,
त्याच्या आत दुसरं, लहान.
म्हणाल्या, ही तुमच्या बोटातली रोहिणी.
हिच्या भिंतीत स्नायूंची वळी असतात,
चुडा भरावा तशी, एकाला लागून एक.
गारठा लागला की मज्जातंतू निरोप धाडतो
आणि सगळी वळी एकदम आवळतात.
सगळ्यांचीच आवळतात. तुमची जरा जास्त ऐकतात.

रुंदी अर्धी झाली, तर रक्त निम्मं होत नाही,
सोळावा हिस्सा उरतो.
म्हणजे रुपयातला एक आणा, मी मनात म्हटलं.
मग पंधरा आणे जातात कुठे?
आत, त्या म्हणाल्या. काळजाकडे, मेंदूकडे.
शरीर आधी मधलं घर राखतं.

हात आखडता घेणं ही मला आजवर
चिकट माणसांची खोड वाटत होती.

मी गोठवलेल्या वाटाण्यांच्या गोदामात असते, उणे एकवीसमध्ये.
हातमोज्यांवर हातमोजे.
तरी साडेदहाच्या चहाला बोटं पांढरीफटक,
हजेरीवर सही करताना पेन
दुसऱ्याच कुणाच्या हातात असल्यासारखं.
मग निळी. अडकलेलं थोडं रक्त
होता नव्हता तो प्राणवायू संपवून तिथेच बसून राहतं.
मग लालबुंद, आणि तेव्हाच खरी कळ.
रक्त जाताना बोलत नाही.
परत येतं तेव्हा ठणकतं.

चार वर्षांनी मिरजेला गेले होते तेव्हा...
असो. हे बोटांचं चाललंय.

शेजारच्या नेव्हिल हेपवर्थची बोटंही अशीच,
पण त्याला गारठ्याने नाही, कामाने दिली.
बावीस वर्षं जमिनीखाली ड्रिल धरलं.
हादऱ्यांनी नळीचं आतलं अस्तर गेलं,
तेच अस्तर, जे एरवी वळ्यांना सांगत असतं
की पुरे आता, सोडा.
भिंत जाड झाली, वाट बारीक.
खाण बुजवली, वर गाड्या लावायला जागा केली;
ड्रिल मात्र त्याच्या मनगटाखाली चालूच आहे, तो म्हणतो.
भरपाईच्या पैशांतून त्याने छोटी मोटार घेतली.
चावी फिरवायची ती मॉरीन.
मॉरीन गेली. मोटारही विकली.

म्हणून तो बसथांब्यावर.
जानेवारी, सकाळचे पावणेसात,
कोटाची चारही बटणं उघडी, छातीवर वारा.
घरात जमली नाहीत, म्हणाला, लाजून नव्हे,
हवा सांगावी तसं.
मी म्हटलं, थांब, मी लावते.
वरचं बटण चिमटीत धरलं
असं मला डोळ्यांनी दिसलं.
बोटांना काहीच कळलं नाही.
ते निसटलं. परत धरलं. परत निसटलं.
मग तो एका बाजूने ढकलतोय, मी दुसऱ्या बाजूने ओढतेय,
दोघांची मिळून वीस बोटं
आणि एक काज.

आधी तो हसला, मग खोकला, मग मीही.
बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर बघत राहिला.
नेव्हिलने हात वर करून तिला जायला सांगितलं.
पुढची वीस मिनिटांनी.
मी माझे हात त्याच्या कोटात, काखेखाली खुपसले,
त्याने त्याचे माझ्या बाहीत,
आणि कळ सुरू व्हायची
वाट बघत आम्ही उभे राहिलो.