सहा मिलिव्होल्ट

झीले मेली फेब्रुवारीत.
डॉक्टरनं पोट उघडलं तर आत तारेचा तुकडा,
करंगळीएवढा, काट्यासकट.
कुर्झेमेच्या या कुरणात कुठल्याशा सैन्यानं
कुंपण घातलं होतं कधीकाळी.
सैन्य गेलं, कुंपण गवतात मुरलं.
बाबा त्या रात्री जेवले नाहीत.
जळक्या मोटारीचं तांबं सोडवत बसले.

नव्वद वेढे. मोजणारी मी.
एकसष्टाव्याला फोन वाजला,
आयर्लंडहून आई, मशरूमच्या शेडमधली सुटी.
मग पुन्हा एकपासून.

दोन वेटोळी, डी अक्षरासारखी,
सरळ पाठी एकमेकींवर किंचित चढवलेल्या.
एक बोलतं, सेकंदाला सात हजार वेळा.
दुसऱ्यानं ते ऐकायचं नाही.
"काहीच ऐकायचं नाही?"
"शेजारणीचं नाही. जमिनीचं ऐकायचं."

टेबलाला खिळे, म्हणून टेबल बाद.
कात्री, घड्याळ, बाबांचा पट्टा,
माझ्या केसांतली पिनसुद्धा अंगणात.
बर्चच्या ओंडक्यावर वेटोळी,
बाबांचं बोट,
आणि मी मीटर वाचतेय:
आठशे.
पाचशे चाळीस.
नव्वद.
हळू, बाबा.
एकतीस. अकरा.
सदतीस.
"गेलं पुढे."
शून्य ओलांडलं तरी आकडा वाढतोच,
फक्त तोंड उलटं करून.
मीटरला ते कळत नाही,
बाबांना कळतं.
मागे. केसभर.
अर्धा केस.
चार.
मला खोकला आला होता, तो गिळला.

"पुढे ॲम्प्लिफायर बसलाय," बाबा म्हणाले,
"राईचा पर्वत करणं हा त्याचा धंदा.
आपणच पर्वत नेऊन दिला
तर राई दिसायची कशी त्याला?"

रात्री इपॉक्सी ओतलं.
ते घट्ट होताना तापतं, आवळतं,
हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.
सकाळी ब्याऐंशी.
बाबांनी शिवी दिली, रशियन.
आमच्या लाटव्हियन शिव्या अशा वेळी पुरत नाहीत.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
मीच दाखवली ती वीतभर तार,
"लागलीच तर" म्हणून बाहेर ठेवलेली
आणि रागात विसरलेली.
डावीकडे वाकवली: एकशे दहा.
उजवीकडे: चाळीस, सतरा,
सहा.
"चार होतं की काल."
"काल होतं," म्हणाले,
आणि तारेवर गरम गोंदाचा थेंब सोडला.

रविवारी आईला सांगितलं, सहावर आलंय.
"किती यायला हवं होतं?"
बाबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.
"ऐवार्स? ऐकू येतंय का?"
"येतंय," म्हणाले. "थोडी खरखर आहे."

मे महिना.
बाबांच्या बुटांना लोखंडी भोकं,
पावलागणिक यंत्र किंचाळायचं.
म्हणून आईचे गमबूट घातलेत, टाचा दुमडून.
कुंपणाशी ब्रुनाल्या रवंथ करत उभी,
तिला बहिणीची आठवण आहे की नाही कोण जाणे.
हेडफोन एकच, एक कान त्यांचा, एक माझा.
आत शांतता नसते,
बारीक धागा असतो, सहाचा,
पाचव्या मिनिटाला तो ऐकू येईनासा होतो.
आणि मग कुठेतरी धागा ताणला जातो.
बाबा थांबतात. मी कुदळ देते.
तार.
चार पावलांवर पुन्हा तार.

संध्याकाळी बादलीत तेवीस तुकडे,
एक नाल,
एक वाकडा चमचा, दांड्यावर कुणाचीतरी अक्षरं.
चमचा बाबांनी गवताला पुसला, खिशात घातला,
आणि आम्ही पुढच्या पट्ट्याकडे वळलो.
यंत्र ओरडायला लागलं.
खणलं. काही नाही.
सरकलो. ओरडतंच होतं.
बाबांनी तार तपासली, बॅटरी तपासली,
गुडघ्यावर बसून वेटोळ्याला कान लावला.
मला कळलं होतं.
आणखी थोडा वेळ मी काही बोलले नाही.