झडती

दोंदेकाका, आधी तो नंबर वाचा. नऊ आकडी आहे,
मध्ये दोनदा जागा सोडलेली.
ते चष्मा शोधतात. मला इथे ऐकू येतं:
ड्रॉवर, चाव्यांचा जुडगा, खुर्चीचा एक अधू पाय.
मग "चार... शून्य... सात..."
नोट सुटी करून हातावर ठेवावी
तसा एकेक आकडा.

मी सातपूरला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत.
डब्यातली खिचडी केव्हाच गार झालेली.
ते जेलरोडला. मध्ये अख्खं नाशिक,
द्वारकेला अडकलेल्या गाड्या,
आणि एक परवानगी.

त्यांच्याकडे चौकट उघडते. ते मोठ्याने वाचतात,
"रुकय्या कोकणी आपला संगणक पाहू इच्छितात.
होय. नाही."
आणि थांबतात.

"तुम्हाला काय काय दिसणार?"
तुम्हाला दिसतं तेवढंच, काका.
"आणि मला दिसत नाही ते?"

या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या कागदात नाही.
कागदात आहे: पासवर्ड विचारू नये.
ओटीपी आला तर फोन पालथा ठेवायला सांगावं.
बँकेचं पान उघडं असेल तर आधी मिटवून घ्यावं.

"बत्तीस वर्षं प्रेसमध्ये होतो," ते म्हणतात.
"सुटताना रोज झडती. डबा उघडून दाखवायचा.
एक जण तर चपलेचा तळ वाकवून बघायचा.
राग नाही यायचा हो.
आपण काही नेत नाही, हे दुसऱ्यानं रोज सांगितलं
की झोप चांगली लागते.
तुमची झडती कोण घेतं?"

मी म्हणते, सगळं रेकॉर्ड होतं, काका.
"ते कोण बघतं?"
मी खरं सांगते: बहुतेक कुणीच नाही.

तेव्हा कुठे ते होय दाबतात.

निळा पडदा. पाणीपट्टी. सोसायटी. नवीन फोल्डर.
नवीन फोल्डर दोन.
खाली कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब सरकवलेला,
"इंदू दवाखाना".
बाण त्यावरून गेला आणि नाव उजळलं.
पलीकडे श्वास थांबल्यासारखा.
मी वळसा घेते,
दारात कुणाचं वाळवण असलं की घ्यावा तसा.

अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर जुना निघाला.
जुना काढला, नवा घातला.
मध्येच बाण थरथरायला लागला.
काका, माऊसवरून हात काढा.
"ठेवला होता का? बरं, बरं."
एका बाणावर दोन हात,
त्यातला एक चौऱ्याहत्तर वर्षांचा.

आता बोट ठेवा. एवढंच मला इथून करता येत नाही.
अंगठा: जुळत नाही.
तर्जनी: जुळत नाही.
"कागद मोजून मोजून रेषा गेल्या माझ्या.
सरकारच्याच कागदावर गेल्या,
आता सरकारच मागतंय."
हसतात. मीही हसते, हेडफोन बाजूला करून.
बोट ओल्या फडक्याने पुसा, काका. अनामिका बघू.

हिरवी खूण.
पुंजाजी रामभाऊ दोंदे यांचा हयातीचा दाखला
स्वीकारण्यात आला आहे.
"झालं?" झालं.
"पुढच्या नोव्हेंबरपर्यंत ना?" हो, तोवर.

मी जोडणी तोडते. फोन मात्र चालूच.
"गेलात का?"
गेले.
"नक्की?"
वरची पिवळी पट्टी दिसते का? नाही ना?
मघाचा नंबरही मेला. पुढच्या वेळी नवा येईल.
"बरं." मग बराच वेळ काही नाही.
मग, "त्या फोल्डरला हात नाही लावलात."
मी काय बोलणार.

साडेसातला शटर ओढलं.
जिन्यात, कुणी सांगितलं नसताना, पर्स उघडून पाहिली:
चार्जर, अर्धी पेपरमिंट,
सिटीलिंकचं सकाळचं तिकीट.
आणि एक नाव.
उघडलेलं नाही,
पण घेऊन चाललेय.