तीनशे सातवा शब्द

बाहिया ब्लांकाच्या सरकारी दवाखान्यात
रात्रपाळी शांत झाली की मी यादी उघडते.
चारशे बारा शब्द. डावीकडे आमचे, उजवीकडे कोरा रकाना.
लीड्सच्या कंपनीला शुक्रवारी सगळं इंग्रजीत हवं आहे.

'काम्पो' सोपा गेला.
आमच्याकडे शेत, त्यांच्याकडेही शेत,
दोन्हीकडे लोक त्यात नाव-गाव पेरतात.
'रेस्पाल्दो' म्हणजे खुर्चीची पाठ;
त्यांच्या शब्दातही पाठ निघाली,
खुर्ची तेवढी गेली.

मग 'आल्ता'.
कॉम्प्युटरवाला एबेर म्हणाला, नोंद आत घेणे.
सिस्टर देलमिरा म्हणाली, पेशंट घरी जाणे.
एकच दार, आत ढकला, बाहेर ओढा.
इंग्रजीला दोन दारं लागतात.
मी दोन ओळी केल्या. कंपनीने कळवलं, एकाला एकच.
मी लिहिलं, मग तुम्हीच या आणि उभे राहा दारात.
पाठवलं नाही.

तीनशे सातवा, 'बाहा'.
खाली. कमी. कामावरून काढलेला. लढाईत पडलेला. रद्द.
नमुन्याला एक ओळ हवी होती,
तर बोटांनी आपलं आपण आडनाव टाइप केलं.
माझंच.

इरिगोचेआ, सेलेदोनिओ. जन्म १९३९.
धंदा: गोदीवर धान्याची पोती मोजणे.
आल्ता: ३ जून. कुठल्या दाराने ते मला ठाऊक आहे,
पिशवी माझ्या हातात होती.
बाहा: १९ जून. प्रकार: लोहिका.

लोहिका, म्हणजे तर्काची.
यात ओळ पुसत नाहीत. कडेला शून्याचा एक करतात.
मग ती कुठल्या यादीत येत नाही, कुठल्या बेरजेत धरत नाहीत,
पण असते,
जसा बाबांचा पोती मोजायचा खडू
माझ्या चमच्यांच्या खणात.

लीड्सला फोन लावला. तिकडे सकाळचे सात,
मागे किटली उकळत होती.
विचारलं, याला तुम्ही काय म्हणता?
"सॉफ्ट डिलीट," बाई म्हणाली. चहा ओतल्याचा आवाज आला.
सॉफ्ट? म्हणजे मऊ?
"हो, असंच म्हणतो. का, ते कोणी ठरवलं माहीत नाही."

आम्ही ज्याला तर्क म्हणालो
त्याला त्यांच्याकडे कोणीतरी मऊ म्हणालं.
रकान्यात तेच भरलं.

तीनशे आठवा होता 'देपुरार':
गाळणे, स्वच्छ करणे, कायमचं.
तो मी उद्यावर टाकला.