नावाड्याचं नाव

औलूत दुपारी तीनलाच अंधार.
वेइक्कोनं तीन आठवडे खपून कागदावर किल्ला बांधलेला:
एकशे चौदा पायऱ्या, तळघरात राणी,
दारागणिक कुलूप, कुलपागणिक कोडं.

हिल्का म्हणाली, "किल्ल्यात नाही जायचं.
ह्या नावाड्याचं नाव काय?"

नावाडी नुसता नदी ओलांडण्यापुरता.
त्याला नाव नव्हतं. चेहराही.

वादळ आणता आलं असतं. होडी बुडवता आली असती.
पडद्यामागचे फासे वेइक्कोचेच.
त्यानं एक टाकला, आकडा बघितलाच नाही,
नकाशा पालथा घातला
आणि कॉफीच्या डागाशेजारी लिहिलं: आर्मस.

"त्याची मुलगी हरवलीय," ओन्नी पुटपुटला.

"कुठे?"
वेइक्कोनं विचारलं,
खरोखरच ठाऊक नसलेल्या
आवाजात.